कडकोळची पाहणी

तो नकाशा मी दहापैकी चार गुण देऊन परत केला होता. समासात लाल पेनानं लिहिलंही होतं, 'शेतं प्रत्यक्ष पाहिलीस का?' पाहिली होती. त्या वर्गात प्रत्यक्ष पाहणारा बहुधा तो एकटाच होता, कारण ती शेतं त्याच्या घरामागे होती.

म्हैसूरला अकरावी-बारावीच्या मुलांना मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. हा विषय घेणारी मुलं दोन प्रकारची. एक, ज्यांना गणित नको होतं ती. दुसरी, ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता ती. आर्थिक भूगोलाचं प्रकरण आलं की दोन्ही प्रकारच्या मुलांचे चेहरे सारखेच होत. उद्योगांच्या स्थाननिश्चितीचे घटक : कच्चा माल, पाणी, वीज, मजूर, बाजारपेठ, वाहतूक. ही यादी पाठ करून परीक्षेत उतरवता येते आणि दुसऱ्या दिवशी विसरताही येते. म्हणून मी पुस्तक मिटायला लावून कामं द्यायला लागले.

पहिलं काम सोपं असे. घरातल्या कचऱ्यातून आठवडाभराची वेष्टनं गोळा करायची, त्यांवर माल कुठे तयार झाला ते बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचायचं आणि भारताच्या नकाशावर टिंबं द्यायची. मुलांना वाटायचं, सगळं मुंबईहून येत असणार. मग नंजनगूड निघायचं. घरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं, शंकराच्या देवळाचं गाव. तिथली दंतपूड आजोबा वापरतात एवढं ठाऊक असे, पण घरातली इन्स्टंट कॉफीही तिथलीच आहे हे कुणी पाहिलेलं नसे. एक किलो इन्स्टंट कॉफीला अडीच किलोच्या वर हिरवं बी लागतं. कोडगू आणि हासनच्या मळ्यांतून बी येणार, वजन कारखान्यात घटणार, पुढे जाणार ती हलकी पूड. मग कारखाना मळ्यांजवळ असावा की दिल्लीजवळ? आल्फ्रेड वेबरनं 1909 साली याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. माझी मुलं बाटलीवरचं लेबल वाचून पाच मिनिटांत तिथे पोचत. वेबरचं नाव मी त्यानंतर सांगत असे. आधी सांगितलं की ते नाव तेवढं वहीत जातं.

दुसरं काम गाड्या मोजण्याचं, आणि त्यासाठी कडकोळ. म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालं की मंडकळ्ळीचा विमानतळ मागे पडतो आणि बारा-पंधरा किलोमीटरवर हे गाव लागतं. रस्त्याला समांतर चामराजनगरकडे जाणारा रेल्वेमार्ग. पुढे हाच रस्ता गुंडलुपेट, मग बंदीपूरचं जंगल ओलांडून वायनाडात उतरतो आणि कोळिकोडला जातो. 2014च्या नोव्हेंबरात मी चोवीस मुलं सकाळी सात वाजता तिथे चहाच्या टपरीशेजारी उभी केली. म्हैसूरकडे जाणारा प्रत्येक ट्रक आणि टेम्पो, त्याच्या पाटीवरची पहिली अक्षरं, वेळ, आणि ओळखू आला तर माल. बस्स.

पहिला तासभर नुसते केए. केए नऊ म्हैसूर, केए दहा चामराजनगर. कोबी, टोमॅटो, झेंडूची पोती. केरळचं केएल जवळजवळ नाहीच. मुलं कंटाळली. आठनंतर मात्र केएल दिसू लागले, तेही एकामागोमाग एक, जणू कुणी बांध फोडावा तसे. एका मुलीनं वही खाली घेऊन विचारलं, "मॅडम, हे सगळे रात्रभर होते कुठे?"

असा प्रश्न पुस्तकातून कधी येत नाही. बंदीपूरच्या जंगलातून 2009पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे, वन्य प्राणी गाड्यांखाली सापडतात म्हणून. फाटक सहाला उघडतं. तिथून जंगल, गुंडलुपेट, नंजनगूड करत गाड्या कडकोळला येईपर्यंत आठ वाजतात. म्हणजे सत्तर किलोमीटरवरच्या हत्तींची आणि हरणांची झोप कडकोळच्या चहावाल्याच्या गल्ल्यात दिसत होती. चहावाल्याला हे अर्थात ठाऊक होतं. तो आठच्या आधी दूध जास्त तापवायला ठेवायचा.

त्या सकाळी मी फार खूश होते. इतकी, की तिसरं काम मी जरा घाईनंच दिलं.

तिसरं काम फोन थ्यूनेनचं. हा जर्मन जमीनदार 1810 साली मेक्लेनबुर्गमधलं टेलो नावाचं शिवार विकत घेतो, वर्षानुवर्षं पैन्‌पैचा हिशेब लिहितो, आणि 1826 साली त्या हिशेबातून एक काल्पनिक देश उभा करतो. सपाट, सगळीकडे सारखी माती, मधोमध एकच शहर, माल न्यायला बैलगाड्या. मग शहराभोवती पिकांची कडी आपोआप पडतात. सगळ्यांत जवळ दूध आणि भाजीपाला, कारण ते नासतं, मग सरपणाचं जंगल, कारण लाकूड जड, मग धान्य, सगळ्यांत लांब चराऊ रान, कारण गुरं स्वतःच्या पायांनी बाजारात चालत येतात. हे शेवटचं मुलांना फार आवडतं. (माणूस विलक्षण होता. मजुराला न्याय्य मजुरी किती, याचं त्यानं एक सूत्र मांडलं आणि ते त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या थडग्यांवर एरवी काय असतं मला माहीत नाही.)

मुलांनी चौघाचौघांचे गट करून म्हैसूरच्या दक्षिण कडेपासून कडकोळच्या पलीकडेपर्यंतचा पट्टा वाटून घ्यायचा, शेतांत कोणतं पीक आहे ते रंगवायचं, आणि कडी सापडतात का पाहायचं. क्लिपबोर्ड शाळेनं दिले. गटातली बाकीची तिघं आली नाहीत म्हणून कडकोळचा मुलगा एकटाच हिंडला. त्याच्या नकाशात हमरस्त्याला आणि कारखान्यांच्या भिंतींना लागून असलेली शेतं तपकिरी : हुरळी, म्हणजे आपला हुलगा, नाहीतर पडीक. तीन-चार किलोमीटर आत गेल्यावर मात्र हिरवं, केळी, तुती, वांगी. कडी होती, पण उलटी. पाण्यामुळे असेल म्हणावं तर रस्त्याकडच्या तपकिरी शेतांतही त्यानं बोअरवेलची निळी टिंबं दिली होती. मला वाटलं, रंगांची खूण उलटी वाचलीय, किंवा घरी बसून काढलंय. दहापैकी चार.

सोमवारी त्याचे वडील शाळेत आले. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत तो नकाशा होता आणि त्याच्याखाली घडी घातलेले सरकारी कागद. आमचं बोलणं कन्नडात झालं.

"चार मार्क दिलेत ते असू द्या, तुमचा विषय आहे," ते म्हणाले. "हा कागद कुठे कुठे गेला तेवढं सांगा."

कुठेच नाही म्हटलं. माझ्या टेबलावर आणि परत मुलाकडे.

"झेरॉक्स?"

नाही.

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. पोरानं हौसेनं प्रत्येक शेतावर सर्व्हे नंबर घातला होता. घरातल्या कागदांवरून उतरवून, शेजाऱ्यांना विचारून. मी तो पाहिला होता आणि नीटनेटकेपणाबद्दल मनातल्या मनात शाबासकीही दिली होती. त्यांचं बोट 'पडीक' या शब्दाशी थांबलं. उद्या जमीन घ्यायला कुणी आलं आणि त्याच्या हातात हे पडलं तर तो म्हणेल, तुम्ही कसतच नव्हता. मग भाव कसला मागता? गावात दोन दिवस याच्याशिवाय बोलणं नव्हतं. माझ्या दुसऱ्या एका गटाला एका म्हातारीनं विचारलं होतं, 'एनु बरीतिद्दीरा?', काय लिहिताय? मुलांनी सरळ उत्तर दिलं होतं, "सर्वे, अम्मा." संध्याकाळपर्यंत तीन आळ्यांत बातमी. औद्योगिक वसाहतीचा पुढचा टप्पा येतोय, माणसं येऊन मोजून गेली, बरोबर पोरंपोरी आणली होती कुणाला संशय येऊ नये म्हणून.

हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण ते हसत नव्हते. कर्नाटकात औद्योगिक वसाहतींसाठी जमीन घेतात ती 1966च्या कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाखाली. आधी प्राथमिक अधिसूचना, मग हरकती, मग अंतिम. त्या माणसाला पोटकलमांचे आकडे तोंडपाठ होते. माझ्या मुलांना स्थाननिश्चितीचे घटक असतात तसे. फरक एवढाच की ते पाठांतर दुसऱ्या दिवशी विसरण्यातलं नव्हतं.

मी अपराधी होऊन म्हटलं, ही फक्त मुलांची पाहणी होती. बोलताना कन्नड शब्द सुचला नाही म्हणून तोंडून मराठीच निघालं, पाहणी. त्यांनी चमकून पिशवीतला कागद वर काढला. कर्नाटकात सातबाऱ्यासारख्या उताऱ्याला पहाणी म्हणतात. शब्द एकाच घरचा. आमच्याकडे तो नुसता बघण्यात राहिला. इकडे त्याचा कागद झाला, मालकाचं नाव, क्षेत्र आणि पीक असलेला. मी 'पाहणी' म्हटलं आणि त्यांना ऐकू आलं की त्यांच्या उताऱ्याची नक्कल माझ्याकडे आहे.

गैरसमज फिटायला एक चहा लागला. मग मी माझा प्रश्न विचारला. बोअर आहे, रस्ता आहे, म्हैसूरची मंडई अर्ध्या तासावर. मग हुरळी का?

"या शनिवारी," ते म्हणाले.

गेले. त्यांचं शेत रस्त्यापासून आत दोन शेतं सोडून. गुडघ्याच्या खालीच राहिलेली हुरळी, वेली एकमेकींत गुंतलेल्या, शेंगा अजून हिरव्या. एका अंगाला कारखान्याची भिंत. दुसऱ्या अंगाच्या शेतात पीकच नव्हतं, ठराविक अंतरावर पुरलेले दगड होते, त्यांना पिवळा रंग दिलेला : तीस बाय चाळीसचे निवासी प्लॉट. मालक बंगळूरचा. एका दगडाला शेळी बांधली होती.

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं आणि अगदी सरळ होतं. केळ लावली की बारा-चौदा महिने जमीन अडकते. तुती लावली तर पंधरा वर्षांचा संसार. रोपं, रेशीमकिड्यांची शेड, कर्ज. त्यात उद्या दलाल आला, किंवा नोटीस आली, तर? हुरळी तीन-साडेतीन महिन्यांची. बी टाकलं की माणूस मोकळा, खत नको, राखण नको, आणि उताऱ्यावर पीक लागलेलं राहतं. आत चार किलोमीटरवर त्यांचा मेहुणा वांगी करतो, तिथपर्यंत अजून कुणी विचारायला गेलेलं नाही. "शहर होतं तिथे थांबलं असतं तर मीपण वांगीच लावली असती," ते म्हणाले आणि शेंग मोडून बघू लागले.

थ्यूनेनच्या देशात शहर हलत नाही. त्याच्या मधोमध ते खुंटी मारल्यासारखं बसलेलं असतं. शहर सरकू लागलं की त्याच्या कडेची जमीन पिकासाठी उरत नाही, ती वाट बघण्यासाठी उरते; आणि वाट बघायला स्वस्त पीक लागतं. पुढे शोधताना मला सापडलं की रॉबर्ट सिंक्लेअर नावाच्या भूगोलज्ञानं हेच 1967 साली मांडलेलं होतं, अमेरिकेतल्या पसरत्या शहरांकडे पाहून : शहराजवळ शेती उलट विरळ होत जाते, कडी उलटी फिरतात. सत्तेचाळीस वर्षं जुना लेख. मी तो वाचला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यानंही वाचला नव्हता, पण त्यानं रंगवला होता.

हे मला त्या बांधावर उभं राहून नवं वाटावं, याचीच खरं तर लाज वाटायला हवी होती. कारण हुलग्याचं शेत मी लहानपणी पाहिलेलं आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. खानापूर तालुका दुष्काळी, आणि तिथली माणसं गलाईची. सोन्याचांदीची आटणी करायची, जुना डाग वितळवून शुद्ध करून द्यायचा; या धंद्यावर त्या भागातले लोक दक्षिणेतल्या जवळजवळ प्रत्येक सराफ बाजारात पोचले. कोईमतूर, मदुराई, विजयवाडा, त्रिशूर. आमचे अण्णा म्हैसूरला आले, अशोका रोडच्या मागल्या गल्लीत, आठ बाय दहाच्या खोलीत भट्टी. (कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. मी बापाला भाऊ म्हणते याचं वर्गातल्या मैत्रिणींना नवल वाटायचं.) एवढ्याशा तालुक्यातून एवढी माणसं इतक्या लांब का जातात, हा आर्थिक भूगोलाचा प्रश्न आहे, मी तो पेपरात कधी घातला नाही.

दिवाळीला आम्ही मिरजेपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं गावी जात असू. सहा एकराचा आमचा तुकडा चुलत्यांकडे असे. त्यात दरवर्षी हुलगा. ओढ्यापलीकडच्यांच्या रानात ज्वारी उभी असायची, आमच्यात हुलगा. आजी म्हणायची, रानात माणूस नसलं की रान हुलगं मागतं. मला वाटायचं चुलते आळशी आहेत. अण्णाही असंच म्हणायचे, पण मनीऑर्डर थांबवत नसत. आता वाटतं, चुलतेही वाट बघत होते. अण्णा परत येतात का, जमीन वाटून मागतात का, पाऊस येतो का, यांपैकी कशाची ते ठरवता येत नाही.

अण्णांनी त्यांचा हिस्सा विकला तो माझ्या बी. एड.च्या वर्षी. कुसळांचं रान, त्या भावात घेणारा मिळाला हेच नशीब, असं तेव्हा सगळे म्हणाले. पुढे टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून त्या पठारावर आणलं. आज तिकडे द्राक्षं आहेत, डाळिंबं आहेत. अण्णांनी ती द्राक्षं एकदाच पाहिली. बांधावर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं, अंगठा आणि दोन बोटं यांच्यात चुरडलं. डाग हातात आला की ते असंच करायचे, कस लावण्याआधी नुसत्या बोटांनी अंदाज घ्यायचे. मग म्हणाले, "चल, गाडी चुकेल."

म्हणून कडकोळला परत निघताना त्या मुलाच्या वडिलांनी जेव्हा विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. काय करावं? द्यावी की धरून ठेवावी?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. उद्योगांच्या स्थाननिश्चितीचे सहा घटक मला येत होते. ते म्हणाले, बरोबर आहे, तुम्ही तरी काय सांगणार. आणि मला एक किलो हुरळीची पुरचुंडी दिली, आदल्या वर्षीची. तिचं सार मी आमच्या पद्धतीनं केलं, कुळथाचं कढण करतात तसं, लसणाची फोडणी देऊन.

गुण मी बदलले. दहापैकी दहा दिले आणि 'शेतं प्रत्यक्ष पाहिलीस का?' हे वाक्य खोडलं. खोडलेलं वाक्य लिहिलेल्या वाक्यापेक्षा जास्त दिसतं, तसं ते दिसत राहिलं. वर्गात तो नकाशा फळ्यावर लावावा असं फार वाटत होतं. त्याच्याइतकं चांगलं काम पुढे कुणी केलं नाही. पण वडिलांनी अट घातली होती, कागद घरी यायला हवा. मी मुलाला म्हटलं, सर्व्हे नंबर गाळून एक प्रत काढशील? तो म्हणाला, "मॅडम, नंबर काढले तर ते दुसऱ्या कुणाचंही शेत होईल." मग मी आग्रह धरला नाही. वर्गाला फळ्यावर खडूनं उलटी कडी काढून दाखवली, कुठलं गाव ते न सांगता.

त्यानंतरच्या वर्षांत क्लिपबोर्ड बंद केले. मुलं साध्या वह्या न्यायची. 'सर्वे' हा शब्द वापरायचा नाही, शाळेचं नाव आधी सांगायचं, आणि ज्याचं शेत त्याला विचारून मग लिहायचं. तो नको म्हणाला तर तो चौकोन कोरा ठेवायचा. कोऱ्या चौकोनांचे गुण कापायचे नाहीत. नकाशे यामुळे भोकाभोकांचे आले. एका सहकाऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, बाहेरून परीक्षक आले तर काय दाखवणार? परीक्षक आले, त्यांनी फाइलींच्या कव्हरचा रंग एकसारखा का नाही एवढंच विचारलं.

निवृत्त झाल्यावर मधे एकदा नंजनगूडला देवाला निघाले होते. कडकोळ आता गाव राहिलेलं नाही, 2020 साली तिथे नगर पंचायत झाली. स्टेशनाशेजारी कंटेनरांचा डेपो आहे; निळे-तांबडे डबे एकावर एक रचलेले बसमधून दिसतात. चहाची टपरी होती तिथे मोबाइलचं दुकान. सकाळचे साडेआठ झाले होते आणि समोरून केएलचे ट्रक ओळीनं येत होते, तेवढं तसंच होतं.

मी खिडकीशी सरकून डावीकडे पाहत राहिले. भिंत, मग दुसरी भिंत, मग थोडं मोकळं रान, त्यात काहीतरी बुटकं हिरवं. ते तेच शेत की शेजारचं, की त्याच्या पलीकडचं? रस्त्यापासून आत दोन शेतं सोडून, एवढंच आठवत होतं, पण कुठली दोन शेतं? सर्व्हे नंबर तेव्हा लिहून घेतला असता तर सांगता आलं असतं. बस फार वेगात होती, आणि कंडक्टर सुटे पैसे मागत उभा होता.